पहिल्या चाचणीवर शिक्का मारू नका

मी जामसरहून बोलतेय. बचत गटांचं काम बघते, त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला हप्त्याच्या हिशोबासाठी ओळखता. आज हिशोबाची वही बाजूला ठेवूया. आज मला मनाच्या आजारावरच्या गोळ्यांचा इतिहास सांगायचा आहे, आणि त्याबरोबर लघवीच्या त्या तपासणीचाही, जिच्यात माणूस नशा करतो का हे बघतात.

हा विषय कसा निघाला ते आधी सांगते. एका बैठकीत सगळ्या बाया उठून गेल्या, पण आमच्या गटातल्या एक मावशी बसूनच राहिल्या. त्यांचा मुलगा बारावी शिकलेला. वडील गेल्यापासून त्याचं मन कशात लागेना. जेवायचा नाही, रात्रभर जागा असायचा. आधी भगताकडे नेलं, मग सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत पोरगा माणसात आला. मग एका कारखान्यात काम मिळायची वेळ आली. घेण्याआधी त्यांनी लघवी तपासली. पट्टीवर जी रेघ यायला हवी होती ती आलीच नाही. ‘हा नशा करतो’ असं म्हणून त्याला दारातून परत पाठवलं. पोराने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. त्याने घरी येऊन गोळ्यांचं पाकीट चुलीत टाकलं.

मावशींनी मला विचारलं, “ताई, औषधाची गोळी आणि नशेची गोळी एकच असते का गं?”

मला उत्तर देता आलं नाही. मग मी ओळखीच्या एका डॉक्टरताईंना विचारलं. माझं बी.ए. इतिहासात झालंय, त्यामुळे मागचं शोधायची सवय आहे. शोधत गेले तर फार मोठी गोष्ट सापडली, आणि तिची सुरुवात आपल्याच रानातल्या एका झाडापासून होती.

सर्पगंधा तुम्ही ऐकली असेल. गुडघ्याएवढं झुडूप, पांढरट-गुलाबी फुलं, लाल देठ, आणि औषध सगळं मुळीत. आपल्या देशात ही मुळी पिढ्यानपिढ्या वापरली जाते. बिहारकडे तर तिला वेड्यांची दवा असंच म्हणायचे. वैदू आणि भगत जे करत होते ते डॉक्टरांनी तपासून बघायला सुरुवात केली ती १९३१ साली. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर उपयोगी पडते. पण ते भारताबाहेर फारसं कोणी वाचलं नाही.

पुढचं काम आपल्या मुंबईत झालं. डॉ. रुस्तम जल वकील हे मुंबईतले पारशी डॉक्टर. त्यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, प्रत्येकाची नोंद ठेवली, आणि १९४९ साली पन्नास रुग्णांचा हिशोब इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापला. आपण गटात जसं कोणी किती घेतलं, किती फेडलं ते लिहितो, तसंच त्यांनी कोणाचा दाब किती होता आणि किती उतरला ते लिहिलं. लिहिलेलं असलं की जग मानतं. तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने या मुळीतला मुख्य अंश वेगळा काढला. त्याचं नाव रिसर्पिन.

अमेरिकेत डॉ. नेथन क्लाईन यांनी हे रिसर्पिन मनोरुग्णालयातल्या रुग्णांना दिलं. तिथली एक गोष्ट मला फार आवडली. फरक पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला? खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या कामगाराच्या! काही वॉर्डांतल्या काचा फुटायच्या बंद झाल्या होत्या, आणि ते वॉर्ड रिसर्पिन दिलेल्या रुग्णांचे होते. १९५७ साली डॉ. वकील आणि डॉ. क्लाईन दोघांनाही अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास झाले, असं १९५४ मध्ये लिहून आलं. लगेच बोलबाला झाला की ही गोळी माणसाला उदास करते. पुढच्याच वर्षी लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात डॉ. डेव्हिस आणि डॉ. शेफर्ड यांनी नीट चाचणी घेतली. मनाने खचलेल्या रुग्णांपैकी काहींना खरी गोळी दिली आणि काहींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णाला सांगितलं नव्हतं. खऱ्या गोळीवाल्यांना जास्त बरं वाटलं. एकीकडे ती गोळी घेऊन काही जण खचले, दुसरीकडे खचलेल्यांना तिचाच आधार झाला. एकदा बघून निकाल लावता येत नाही, तो असा.

(कोणी रानातून मुळी आणून घरच्या घरी देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. शिवाय खणून खणून हे झाड कमी झालंय, त्याच्या जगभरच्या व्यापारावर बंधनं आहेत.)

आता टीबीकडे वळू. टीबी आपल्या पाड्यांना नवा नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू या टीबीच्या रुग्णालयात दोन नवी औषधं देऊन बघत होते. आयसोनायझिड आणि त्याचंच भावंड इप्रोनायझिड. महिनोनमहिने खाटेवर पडलेले रुग्ण उठून बसले, जास्त जेवायला मागू लागले, वॉर्डात नाचू लागले. आयसोनायझिड टीबीवर चांगलं ठरलं. आजही टीबीच्या गोळ्यांमध्ये ते असतं, आपल्या आशाताई जी गोळी देतात तिच्यातही असतं. इप्रोनायझिडचा मात्र त्रास जास्त होता, म्हणून टीबीच्या चाचणीत ते मागे पडलं, जवळजवळ नापासच झालं.

पण ती माणसं हसत का होती, हे काही डॉक्टरांच्या मनातून जाईना. १९५७ मध्ये क्लाईन आणि त्यांच्या सोबत्यांनी तेच औषध टीबी नसलेल्या, पण मनाने खचलेल्या रुग्णांना दिलं. त्यांच्यात सुधारणा दिसली. उदासपणाच्या आजारावरचं हे पहिल्या औषधांपैकी एक. पुढे त्याने काहींना कावीळ झाली, तेव्हा १९६१ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढलं. त्याच्यानंतर आलेली औषधं अधिक सुरक्षित झाली.

दुसरं औषधही असंच. स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेन गावच्या मनोरुग्णालयात डॉ. रोलांड कून एका नव्या औषधाची चाचणी घेत होते. भास होणं, भ्रम होणं अशा आजारावर ते चालेल अशी आशा होती. तिथे ते चाललं नाही. मग १९५६ साली खोल उदासीत असलेल्या रुग्णांना देऊन बघितलं आणि त्या सावरल्या. हे इमिप्रामिन. याच जातीच्या गोळ्या आजही डॉक्टर देतात. मात्र याच कून यांनी कित्येक रुग्णांवर त्यांना न विचारता औषधं वापरून बघितली, हे अलीकडे इतिहासकारांनी उघड केलं. तेही मी लपवणार नाही. म्हणून बायांनो, कोणी नवीन औषधाची चाचणी आहे, सही करा, अंगठा द्या म्हणालं, तर आधी सगळं वाचून घ्या आणि विचारा. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आपल्या मुंबईचा वाटा एवढ्यावरच थांबला नाही. त्याच सिबा कंपनीने गोरेगावला संशोधन केंद्र उभारलं, १९६३ साली पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. तिथे शोधलेलं उदासपणावरचं औषध, सिंटॅमिल, १९८२ मध्ये आपल्या बाजारात आलं. वसईहून लोकलने जाताना गोरेगाव लागतं, तिथे मनाची गोळी शोधली गेली, हे मला माहीतच नव्हतं.

एक गोळी अशी आहे जिच्यासाठी रक्त वारंवार तपासावं लागतं. ती लिथियमची. कधी खूप उत्साह, कधी खूप खोल उदासी, अशा आजारावर ती देतात. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये तिचा उपयोग दाखवला. तिचं प्रमाण रक्तात कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषासारखं. म्हणून रक्त तपासतात. ही तपासणी माणसाला पकडायला नसते, सांभाळायला असते. ज्या घरात ही गोळी चालू आहे तिथे तारीख चुकवू नका. उन्हाळ्यात वीटभट्टीवर खूप घाम जातो, जुलाब-उलट्या होतात, अशा वेळी तर डॉक्टरांना विचाराच.

आता येऊ मावशींच्या पोराच्या पट्टीकडे.

नशेसाठी लघवी तपासायची मोठी सुरुवात १९७१ मध्ये झाली. व्हिएतनामच्या लढाईतून परतणारे अमेरिकेचे सैनिक गर्द घेतात का हे बघायला सरकारने तपासणी लावली. हजारो माणसं लवकर तपासायची, म्हणून झटपट पद्धती निघाल्या. आजची पट्टी त्याच जातीची.

डॉक्टरताईंनी मला ती अशी समजावली. पट्टी म्हणजे कुलूप समजा. नशेचा पदार्थ ही त्याची किल्ली. पण कुलूप स्वस्तातलं आहे, त्यामुळे जवळपास तशाच दाताची दुसरी किल्लीही कधी कधी फिरते. मनाच्या गोळ्यांपैकी काहींच्या बाबतीत हे घडल्याच्या नोंदी आहेत. सरट्रालीन घेणाऱ्याच्या लघवीत पट्टीने झोपेच्या गोळ्यांची जात दाखवली आहे. ब्युप्रोपिऑन आणि ट्रॅझोडोन घेणाऱ्यांत उत्तेजक पदार्थ दाखवला आहे. सगळ्यांना असं होत नाही, पण होतं. म्हणून जगभर नियम असा आहे की पट्टीवर शंका आली तर मोठ्या प्रयोगशाळेत यंत्रावर दुसरी तपासणी करायची. ते यंत्र पदार्थ वेगवेगळे करून प्रत्येकाचं वजन-माप घेतं. तिथे सरट्रालीन हे सरट्रालीनच दिसतं.

हे फक्त गोळ्यांचंच नाही. आपल्या अनारशावरची खसखस घ्या. खसखस अफूच्याच बोंडातली. ती भरपूर खाल्ली आणि लघवी तपासली, तर अफूचा अंश दिसू शकतो. अमेरिकेत कितीतरी कामगार खसखस लावलेला पाव खाऊन अडचणीत आले. शेवटी १९९८ मध्ये तिथल्या सरकारने नोकरीच्या तपासणीची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली, म्हणजे पावाने कोणाची नोकरी जायला नको. माणूस खोटा नव्हता, मापच फार बारीक धरलं होतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल तपासणी नेहमी चुकते. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या विरारचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला स्पर्धा चालू असताना त्याची लघवी तपासली. तिच्यात टरब्युटालिन निघालं. हे खोकल्याच्या औषधात असतं, आणि खेळाडूंसाठी त्याच्यावर बंदी आहे. त्याने सांगितलं की मी खोकल्यासाठी औषध घेतलं होतं, मला कल्पना नव्हती. क्रिकेट मंडळाने ते मान्य केलं, तरीही आठ महिन्यांची बंदी घातली, १५ नोव्हेंबर २०१९ पर्यंत. इथे तपासणी बरोबर होती. औषध खरंच पोटात गेलं होतं. चूक एवढीच की घेण्याआधी विचारलं नाही आणि सांगितलं नाही.

आपल्या आश्रमशाळांमधल्या मुली धावण्यात, कबड्डीत पुढे जातात, त्यांच्या आयांनी हे लक्षात ठेवावं. उदासपणावरच्या नेहमीच्या गोळ्यांवर खेळात बंदी नाही. पण सर्दी-खोकल्याचं, अंगदुखीचं, ताकदीचं कोणतंही औषध दुकानातून घेण्याआधी प्रशिक्षकाला आणि डॉक्टरांना विचारायचं. आजारासाठी बंदी असलेलं औषध लागतच असेल, तर त्याची परवानगी मिळवायची रीत आहे.

मैत्रिणींनो, या सगळ्यात मला एकच धागा दिसला. इप्रोनायझिड टीबीत मागे पडलं, इमिप्रामिन भ्रमाच्या आजारात नापास झालं, रिसर्पिनवर उदास करण्याचा ठपका आला. कोणीतरी दुसऱ्यांदा बघितलं म्हणून लाखो माणसांना आधार मिळाला. आपण एका औषधाला दुसरी संधी देतो. मग एका विशीतल्या पोराला एका पट्टीवरून नशाबाज कसं ठरवतो?

आणि जरा आपल्याकडेही बघूया. आपणही पट्टीच लावतो. कोणाची सून गप्प बसली, बाळंतपणानंतर रडत राहिली, की आपण म्हणतो हिला बाहेरचं झालं, किंवा हिला काम नको. गोळी चालू आहे कळलं की म्हणतो डोक्याची गोळी खाते. मुंबईच्या जवळ ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, सव्वाशे वर्षं होत आली, तरी आपल्याकडे ‘ठाण्याला पाठव’ ही अजून शिवीच आहे. काळ मात्र बदललाय. १९१२ च्या इंग्रजांच्या कायद्याचं नावच वेड्यांचा कायदा होतं. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने उपचार मिळण्याचा आणि आपल्या आजाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क दिलाय. कायदा पुढे गेला, आपण मागे राहायला नको.

आता कामाचं सांगते, ऐकून ठेवा आणि गटात सांगा.

घरात कोणाला मनाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आधार कार्डाबरोबर जपून ठेवा. कंपनीत, भरतीत, खेळात लघवी तपासणार असतील, तर नमुना देण्याआधीच तपासणाऱ्याला सांगा की ही गोळी चालू आहे, ही चिठ्ठी. निकाल उलटा आला तर भांडू नका, रडू नका, पण गप्पही बसू नका. प्रयोगशाळेत यंत्रावर दुसरी तपासणी करा, असं लेखी मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळी मनाने एकदम बंद करू नका. एकदम सोडली तर चक्कर, घाबरल्यासारखं, झोप उडणं असा त्रास होतो, आणि मूळचा आजार परत डोकं काढतो. कमी करायची असेल तर डॉक्टर हळूहळू कमी करतात. कोणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर टेलि-मानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६. दिवस असो रात्र असो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मावशींच्या पोराचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. ती नोकरी काही मिळाली नाही. चिठ्ठी दाखवायची, दुसरी तपासणी मागायची, हे तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. गोळी बंद केल्यावर पंधरा दिवसांत तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायला लागला होता. मी आणि मावशी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी त्याला ओरडलं नाही, गोळी पुन्हा सुरू केली आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव ठळक लिहून दिलं. आता तो नागलीच्या शेतात आईला हात देतो आणि दुसरीकडे अर्ज भरतोय.

परवा हप्ता भरायला मावशी आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल काढून दाखवली. आत आधार कार्ड, बारावीचं सर्टिफिकेट, आणि त्यांच्या मध्ये घडी करून ठेवलेली ती चिठ्ठी. म्हणाल्या, “आता कोणी विचारलं तर आधी हीच दाखवणार.”

तुमच्या घरातही अशी फाईल करून ठेवा. जोहार.